आलेले शब्द परत जातात का? (लेक, २० महिने)

मेथीची_जुडी

लेक २० महिन्यांची आहे. अकराव्या महिन्यात 'बाबा' म्हणाली. (दिवसभर मागे मागे मी, आणि पहिला मान बाबाला. असो.) वाढदिवसाच्या सुमारास भूभू, माऊ, दुदू, नाई, टाटा असं भराभर आलं. पंखा लावला की 'पंपं'. शेजारच्या काकू म्हणायच्या, ही वकील होणार.

पंधराव्या महिन्यानंतर मात्र उतरती कळा. आधी भूभू गेलं, मग दुदू. आता दूध हवं असलं की माझं बोट धरून फ्रीजपाशी नेते आणि 'अं अं' करते. मध्ये 'चल' आणि 'अजून' हे दोन नवे आले म्हणून हायसं वाटलं, तर माऊ गेली.

याच काळात ती चालायला लागली, आम्ही नाशिकहून पुण्यात आलो आणि पाळणाघर सुरू झालं. तिथल्या मावशी हिंदी बोलतात. सर्दी पाळणाघराच्या फीमध्येच धरलेली आहे. हाक मारली की कधी वळते, कधी नाही. बाईंचा मूड.

सासूबाई म्हणतात, हिचा बाबा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता कुणी थांबवून दाखवा. आई म्हणते दृष्ट काढ. नवरा म्हणतो गूगल बंद कर. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपर्यंत बघू. तुमच्याकडे असे चढउतार झालेत का? आणि 'बघू' म्हणजे कुठवर बघायचं?

कट्ट्यावरचा

आमच्या सौ.चे शब्द कधी परत जातील, हेही कुणी सांगा. (ह. घ्या.)

खडूस

@कट्ट्यावरचा, हा विनोद आमच्या वडिलांनी वाचून टाकून दिलेल्या दिवाळी अंकात होता.

सुलभाताई

मेथी, अगं काही नाही होत. मी तीन पोरं आणि चार नातवंडं वाढवली. मूल चालायला लागलं की जीभ मागे पडते, सगळा जीव पायात येतो. आमच्या धाकट्याने उभं राहायला सुरुवात केली आणि दोन महिने तोंडातून ब्र काढला नाही. नंतर एकदम 'आजी, तिकडे नको' असं तीन शब्दांचं बोलला. आमच्याकडे वेखंड उगाळून जिभेला लावायचे. तू लाव किंवा नको लावू, पण पोरीशी बोलत राहा. भाजी निवडताना बोल, धुणं वाळत घालताना बोल. तिला उत्तर देता येत नाही म्हणून आपण गप्प बसायचं नसतं.

अबोली_इ

सुलभाताईंना चालण्याबाबत +१. लेकाचं अगदी असंच झालं होतं, चौदा ते सतरा महिने चिडीचूप, मग पुन्हा गाडी सुरू. वेखंडाला मात्र -१. त्याने जिभेची आग होते, बोलणं येत नाही. आणि वेखंड मधातून देणाऱ्यांसाठी: वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. त्यातून बॉट्युलिझम (एक प्रकारची विषबाधा) होऊ शकतो, आणि तो गंभीर असतो.

माझ्या आजेसासूबाई पोपटाने उष्टावलेला पेरू शोधत फिरत होत्या. पोपट मिळाला, तो स्वतःच बोलत नव्हता.

बर्लिनकर

हिंदी मावशींना दोष देऊ नका. आमच्या घरी मराठी, पाळणाघरात जर्मन. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, फक्त शब्द दोन खिशांत वाटले जातात आणि आपण एकच खिसा मोजतो. मुलगा दीड वर्षाचा असताना मराठी शब्द कमी झाले म्हणून बायको रडकुंडीला आली होती. पाळणाघरातल्या बाईंनी यादी दिली, तर तिथे बऱ्यापैकी जर्मन बोलत होता. दूध घरी मराठीत मागायचा, तिथे जर्मनमध्ये.

इथे २१ ते २४ महिन्यांच्या दरम्यान 'यू-७' नावाची तपासणी असते, त्यात भाषेचीही चौकशी होते. आमच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले आणि घरी जर्मन बोलू नका असं बजावलं. (आमचं जर्मन ऐकून म्हणाल्या असतील.) मेथी, मावशींना विचारा, तिकडे काय काय बोलते. कदाचित 'दुदू' तिकडे 'दूध दो' झालं असेल.

नानासाहेब

हल्ली मूल शिंकलं तरी थेरपिस्ट. आमच्या वेळी कुणी शब्द मोजत नव्हतं आणि सगळे बोलायला लागले. आईनस्टाईनसुद्धा उशिरा बोलला. मुलीला मुलीसारखं वाढू द्या.

खडूस

नाना, उशिरा बोललेले सगळे आईनस्टाईन झाले असते तर आमच्या गल्लीत तीन नोबेल असते. आणि 'सगळे बोलायला लागले' हे खरं नाही. जे लागले नाहीत त्यांना तुमच्या वेळी 'मुकं', 'वेडसर' म्हणून मागच्या खोलीत ठेवायचे. ते दिसत नव्हते, एवढंच.

स्वरयंत्र

मेथी, मी स्पीच थेरपिस्ट आहे. इथे बसून निदान करता येत नाही आणि कुणी केलं तर ऐकू नकोस. पण काही गोष्टी विचारते. बोट धरून फ्रीजपाशी नेते तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघते का, की नुसता हातच ओढते? विमान गेलं तर वर बोट करून तुला दाखवते का? म्हणजे हवं म्हणून नव्हे, नुसतंच 'बघ ना' म्हणून. टाटा, पापा, नमस्कार या खुणा शिल्लक आहेत, की शब्दांबरोबर त्याही गेल्या? बाहुलीला खोटंखोटं भरवते का?

गाठीला थोडेच शब्द असतात तेव्हा ते आत-बाहेर करतातच. सुरुवातीला भूभू म्हणजे कुत्रा, मांजर, गाय, चार पायांचं सगळं. हे वेगवेगळे आहेत असं लक्षात यायला लागलं की मूल त्या शब्दाबाबत जरा बिचकतं. नाशिकला दारात कुत्रा असेल आणि पुण्यात अकराव्या मजल्यावर नसेल, तर शब्द वापरायचा कुठे? अशा वेळी जुने जातात, पण नवे येत राहतात, आणि मूल माणसांकडे बघत, हातवारे करत, तुमच्या मागे मागे फिरत राहतं. पण शब्दांबरोबर नजर, खुणा, खेळ, माणसांतला रस असं सगळंच ओसरत असेल, तर दोन वर्षांची वाट बघायची नाही. आलेलं कौशल्य गेलं तर वय कितीही असो, ते डॉक्टरांना सांगायचंच. 'बघू' म्हणाले तर पुन्हा सांगायचं.

आणि काहीही असलं तरी आधी कान. जन्मल्यावर चाचणी पास झाली म्हणजे तेव्हा ऐकू येत होतं, आजची खात्री नव्हे. सतत सर्दी असणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे, मधल्या कानात द्रव साचतो. बऱ्याचदा दुखत नाही, ताप नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. ऐकू येतं, पण कानात बोटं घातल्यासारखं. सर्दी उतरली की बरं, पुन्हा झाली की पुन्हा तेच. 'बाईंचा मूड' हे वाक्य वाचून मी इथेच थबकले. टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते बघतात) करून घे, दोन-चार मिनिटांचं काम आहे. 'बेरा' ही ऐकण्याची चाचणी सांगितली तर मूल झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपव, सकाळी लवकर उठव आणि वाटेत गाडीत डुलकी काढू देऊ नकोस. सगळ्यात अवघड काम तेच.

मेथीची_जुडी

@स्वरयंत्र, खूप आभार. विमानाला बोट दाखवते, नक्की. बाहुलीला भरवत नाही, पण रिमोटला भरवते. चालेल का? फ्रीजपाशी नेताना कुठे बघते ते लक्ष देऊन बघते. कानाचं डोक्यातच आलं नव्हतं.

@बर्लिनकर, मावशींना विचारलं. 'आजा' आणि 'पानी' म्हणते म्हणे! घरी एक अक्षर नाही.

स्वरयंत्र

रिमोट चालेल, धावेल. आणि 'आजा', 'पानी', 'पंपं' सगळे मोजायचे. शब्द शब्दकोशातला असायला लागत नाही. ठरलेल्या वस्तूला दर वेळी तोच आवाज काढला की झालं.

गुलमोहर_२

मी फक्त विचारतेय, भांडू नका. पंधराव्या महिन्यात एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचा) डोस असतो ना? त्यानंतर गप्प झालेल्या मुलांबद्दल व्हॉट्सॲपवर वाचलं होतं.

समुद्रपक्षी

@गुलमोहर, ज्या लेखावरून हे सुरू झालं तो १९९८चा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला, आणि लिहिणाऱ्याचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. लस ज्या वयात देतात त्याच वयात मुलं बोलायला लागतात आणि त्याच वयात काहींचं बोलणं थांबतं, एवढाच तो योगायोग. हे मी तावातावाने सांगते, कारण आमच्या घरात या एका गोष्टीवरून वर्षभर अबोला होता.

नानासाहेबांना उत्तर द्यायचं नव्हतं, पण देते. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. दीड वर्षाच्या आतच त्याचे शब्द गेले, आणि एकटे गेले नाहीत. टाटा करणं गेलं. आजोबांच्या चपलांचा आवाज आला की दाराकडे पळायचा, ते गेलं. सगळे म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. त्याला ऑटिझम आहे हे तीन वर्षं उलटल्यावर कळलं. ऑटिस्टिक मुलांपैकी साधारण एक-तृतीयांश मुलांमध्ये आलेली कौशल्यं अशी मागे जातात, हेही आम्हाला नंतर समजलं.

लवकर कळलं असतं तर ऑटिझम गेला असता असं नाही, तो काही जात नसतो. पण चित्रांची वही आधी हातात आली असती. 'पाणी' म्हणता येत नाही म्हणून डोकं आपटणारं मूल पाण्याच्या चित्रावर बोट ठेवतं, तेव्हा घर बदलतं. आज तो टॅब्लेटवर बटणं दाबून बोलतो आणि थोडं तोंडानेही. आमच्याशी भांडतो. भाऊबीजेला बहिणीला काय द्यायचं हे त्याने स्वतः ठरवलं.

मेथी, तुझी लेक विमान दाखवते हे वाचून बरं वाटलं. तरी दाखवून घे. तपासून काही निघालं नाही तर एक रविवार गेला समज.

(ज्यांना लागेल त्यांच्यासाठी: नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्यविमा योजना ऑटिझमसाठीही आहे, एक लाखापर्यंत. थेरपीसाठी मर्यादा आहे, पण आहे.)

नानासाहेब

समुद्रपक्षी, वाचलं. भाऊबीजेचं आवडलं.

सुलभाताई

@समुद्रपक्षी, मुलाला आजीचा आशीर्वाद सांग गं.

आकडेमोड

कुठल्या वयात किती बोलायला हवं, त्या तक्त्यांचा घोळ कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये आपले टप्पे बदलले. आधीचे टप्पे बरेचसे सरासरी मुलावर बेतलेले, म्हणजे निम्मी मुलं मागे असणारच. नव्या यादीत त्या वयाला ७५ टक्के किंवा अधिक मुलांना जे जमतं तेच घेतलंय. त्यानुसार १८ महिन्यांना आई-बाबा सोडून तीन-एक शब्द म्हणून बघणं, दोन वर्षांना दोन शब्द जोडणं, ३० महिन्यांना सुमारे ५० शब्द. बऱ्याच जुन्या तक्त्यांत हे ५० शब्द दोन वर्षांपुढे लिहिलेले असतात. तेव्हा घाबरायच्या आधी तक्ता कुठला ते बघा. नव्या यादीवर थेरपिस्ट मंडळींनी टीकाही केली होती.

स्वरयंत्र

केली होती, मीही त्यातलीच. यादी सैल केली की 'अजून थांबा' म्हणणाऱ्यांचं फावतं. आणि सगळे शब्दच मोजतात. २० महिन्यांच्या मुलाला कळतं किती, हे बोलण्याइतकंच महत्त्वाचं. 'चप्पल आण' म्हटलं आणि खूण न करता आणली, तर मी निम्मी निश्चिंत होते.

अनुस्वार

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण चढउतारांत एक मजेशीर उतार राहिला. पुतण्या अडीच वर्षांचा असताना 'केलं', 'गेला', 'आला' अगदी शुद्ध म्हणायचा. तीनच्या आसपास एकदम 'मी करलं', 'बाबा जाला', 'काका येला'. घरात चिंता, पोरगं बिघडलं म्हणून. उलट ही बढती आहे. आधी तो ऐकलेला शब्द जसाच्या तसा परत देत होता. मग त्याला नियम सापडला: बसला, उठला, पडला. मग करला का नाही? मरलासुद्धा म्हणायचा, झुरळाला. अपवाद नंतर हळूहळू परत बसतात.

१९५८ मध्ये जीन बर्को यांनी मुलांना पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र दाखवलं, 'हा वग' म्हणाल्या, मग तसे दोन दाखवून विचारलं, आता काय? मुलांनी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाला इंग्रजीतला अनेकवचनाचा प्रत्यय लावून दाखवला. पोपटपंची असती तर हे जमलं नसतं.

अबोली_इ

आणि 'मी जाते'? माझा मुलगा तिसऱ्या वर्षापर्यंत 'मी जाते, मी खाते' म्हणायचा, कारण दिवसभर मीच समोर. आजोबा रोज दुरुस्त करायचे, 'जातो म्हण.' तो म्हणायचा, 'तू जातो, मी जाते.' बिनतोड!

बर्लिनकर

आमच्याकडे उलट. घरून काम करणारा मी, त्यामुळे लेक 'मी येतो'. कोल्हापूरच्या आत्याबाई खूश, त्यांच्याकडे पोरी तशाच बोलतात म्हणे.

धनुष्यबाण_नाही

आमचे चिरंजीव: काका = ताता, गाडी = दाडी. त्यामुळे 'ताता, दाडी' ऐकून पाहुणे माझ्या दाढीकडे बघतात.

खडूस

धागा बोबड्या बोलांकडे गेला. आता शंभरी नक्की.

गुलमोहर_२

@स्वरयंत्र, इथेच विचारू का? मोठा तीन वर्षांचा. छान बोलत होता, आता गेल्या महिन्यापासून 'मी मी मी मला' असं अडखळतो. धाकटीचा जन्म झाला त्या सुमारास.

स्वरयंत्र

विचारलंस ते बरं. दोन ते पाच या वयात वाक्यं लांब व्हायला लागली की बरीच मुलं अडखळतात, आणि बहुतेकांचं आपोआप जातं. कधी आठवडाभर नाहीसं होतं, पुन्हा येतं. धाकटी आली म्हणून ते होत नाही, पण दमणूक, धावपळ, चढाओढीत बोलणं यांत वाढू शकतं. 'हळू बोल', 'श्वास घे', 'परत म्हण' यातलं काही सांगू नका. आपणच जरा सावकाश बोलायचं आणि त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यायचं. घरात कुणी अडखळत बोलत असेल, शब्द अडकताना चेहरा ताणला जात असेल, तो स्वतः बोलणं टाळायला लागला किंवा सहा महिने उलटले, तर दाखव.

पाणंद

पालघरहून. मी अंगणवाडीशी संबंधित काम करते. शहरातले लोक थेट खासगीत जातात, पण 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' हा आहे, आणि २०१३ मध्ये त्याची सुरुवात आमच्या पालघरलाच झाली. अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासायला पथक येतं. विकासातला उशीर, ऐकणं, बोलणं हे सगळं त्यात आहे. गरज पडली तर जिल्ह्याच्या 'शीघ्र हस्तक्षेप केंद्रा'त पाठवतात, उपचार मोफत. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात पथक आलं त्या दिवशी मूल आजीबरोबर शेतावर असतं आणि बोलण्याबद्दल विचारलं तर आई म्हणते, 'घरी बोलतो.' मग तसंच लिहिलं जातं. तरी बाहेर एकेका सेशनला काय पैसे लागतात बघता, विचारून बघा.

मुंबईकरांना वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आहेच. केंद्र सरकारची आहे, १९८३ पासून. कान आणि बोलणं दोन्ही एकाच ठिकाणी.

मेथीची_जुडी

सगळ्यांचे आभार, उत्तराला उशीर झाला. कान तपासले. दोन्हीकडे द्रव आहे, टिम्पॅनोमेट्रीचा आलेख सपाट आला. कानाचे डॉक्टर म्हणाले, बऱ्याचदा आपोआप जातो, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर समोर बसून, तोंड दिसेल असं बोला आणि मागे टीव्ही चालू ठेवू नका. नाहीच गेला तर पडद्यात बारीक नळी घालतात, ग्रोमेट म्हणतात त्याला. शब्द यामुळेच गेले का, असं मी दोनदा विचारलं. ते 'हो' म्हणाले नाहीत. घर बदललं, चालणं, भाषा, कान, सगळ्यांचा थोडा थोडा वाटा असेल म्हणाले.

बालरोगतज्ज्ञांनी या वेळी एम-चॅटची (ऑटिझमची शंका आहे का ते बघणारी) प्रश्नावली भरून घेतली, धोका कमी आला. दोन वर्षांची झाली की पुन्हा भरायची आहे. फ्रीजपाशी नेताना ती माझ्याकडेच बघते, वर भुवया उडवते. चप्पल आणली, पण बाबाची.

आणि भूभू परत आलंय. फक्त ते सोसायटीच्या चेअरमन काकांना म्हणते, लिफ्टमध्ये, मोठ्याने.

खडूस

चेअरमन काकांना बघितल्याशिवाय चूक म्हणणार नाही.

सुलभाताई

सपाट म्हणजे वाईट नाही ना गं? मला त्यातलं कळत नाही. तीन महिन्यांनी काय झालं ते इथे लिही.

स्वरयंत्र

सुलभाताई, सपाट म्हणजे पडदा हवा तसा हलत नाही, मागे द्रव आहे म्हणून. हे वय या दुखण्याचंच आहे. मेथी, तारीख आत्ताच घेऊन ठेव, नंतर सणावारांत राहून जातं. आणि पाळणाघरातल्या मावशींनाही सांग की हिच्या समोर जाऊन बोला, मागून हाका मारू नका.

कट्ट्यावरचा

गंभीरपणे विचारतो. भाचा २६ महिन्यांचा, कराडला असतो, 'आई' आणि 'नको' एवढंच. बहीण म्हणते शाळेत गेला की बोलेल. ते शीघ्र हस्तक्षेप केंद्र तालुक्याला असतं का?

पाणंद

जिल्ह्याला असतं. म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करायची. अंगणवाडी सेविकेकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन गेलात तर नोंदणी सोपी जाते. जाताना लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा, आणि जे बोलतो, ज्या खुणा करतो ते कागदावर लिहून न्या. तिथे गेल्यावर तो आईच्या पदराआड लपणार, एक शब्द बोलणार नाही.